उभ्या पायाचं माप

जोडेवाल्यांना त्या दिवशी सकाळपासून बूड टेकवेना. बैठक होती, चांगली रुंद, कातड्यानं मढवलेली, वर्षानुवर्षं बसून मधोमध खड्डा पडलेली. पण ते बसायचे, कातडं कापायची रापी हातात घ्यायचे, धार अंगठ्यावर पाहायचे आणि पुन्हा उठून दाराशी जायचे. ज्या माणसाचा सगळा जन्म बसून गेला, त्याच्या पायाला अशी भिंगरी लागली की समजावं, कुठंतरी घोडं पेंड खातंय.

घोडं पेंड खात होतं ते घरी. जोडेवाल्यांची एकुलती एक लेक परत आली होती. अंगानं काटकुळी आणि जिभेनं टोचरी, म्हणून लहानपणी तिला सगळे टाचणी म्हणायला लागले आणि अजूनही म्हणतात. ही टाचणी लांबच्या शहरात राहून जोडे बनवण्याचं कॉलेज पुरं करून आली होती. हो, जोडे बनवण्याचं कॉलेज. असं काही असतं यावर जोडेवाल्यांचा आधी विश्वासच बसला नव्हता, आणि बसला तेव्हा त्यांना ते जास्तच हास्यास्पद वाटायला लागलं.

"पाय शिकवतात म्हणे," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "फळ्यावर पाय काढतात आणि खाली प्रश्न. अंगठ्याचे दोन उपयोग सांगा. टाच आणि चवडा यांतला फरक लिहा."

गिऱ्हाईक हसलं की जोडेवाले आणखी फुलायचे. "अहो, पाण्यात पडल्याशिवाय कुणाला पोहता आलंय का? माझं कॉलेज हे," असं म्हणून ते स्वतःच्या मांडीवर थाप मारायचे. याच मांडीवर त्यांनी गावभरच्या लोकांचे पाय ठेवून घेतले होते, तेव्हा त्या थापेत काही खोटं नव्हतं. मुलीची फी मात्र बायकोच्या हट्टापायी भरली जात होती. ती भरताना ते कुरकुरायचे, आणि भरून झाली की दुकानात येऊन कॉलेजवर एक नवा विनोद करायचे.

आता खरी गोष्ट अशी, की ही चार वर्षं या माणसानं मुलीच्या परतण्याची चातकासारखी वाट पाहिली होती. दुकानात तिच्यासाठी एक छोटी बैठक करून ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, सामान ठेवायला केलीय. तिच्यावर सामान कधी ठेवलं नाही.

आणि आदल्या दिवशी जेवताना टाचणीनं विषय काढला. जोडे बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तिला नोकरी मिळत होती, आणि हो की नाही ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. "पण बाबा, मला कारखान्यात जायचं नाहीये," ती म्हणाली. "मला आपल्या दुकानात यायचंय. माझा हात अजून कच्चा आहे. माझी शिवण महिन्याभरात उसवते. तुमच्यासारखा टाका मला कॉलेजात कुणी शिकवला नाही."

जोडेवाल्यांचा घास हातातच राहिला. हेच ऐकायला कान आसुसले होते. तोंडावर मात्र काही दिसू द्यायचं नाही म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

"फक्त एक अट आहे," टाचणी म्हणाली. "माप मी घेणार. आणि गिऱ्हाइकाला उभं करून घेणार."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती अशी. "उभं करून?" त्यांनी पेला आपटला. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहत नाही. तुझे आजोबा गेले, पण ही रीत गेली नाही. माणूस खुर्चीत राजासारखा बसतो आणि त्याचा पाय मी मांडीवर घेतो. शाळेतलं पोर आहे का ते, चूक केली म्हणून उभं करायला?"

"बाबा, उभं राहिलं की पायावर सगळं वजन येतं. पाय पसरतो. लांबतो. बसलेल्या पायाचं माप घेऊन..."

"पोथीतली वांगी पोथीतच ठेव. इतकी वर्षं माझे जोडे काय लोकांनी डोक्यावर घातले?"

"मी अट सांगितली, बाबा."

"मग कारखान्यातच जा. तिथं सगळेच उभे असतात."

तोंडातून शब्द गेला आणि जेवण तिथंच संपलं. टाचणी "बरं" म्हणाली. तिचं बरं म्हणजे दाराला आतून लावलेली कडी, हे जोडेवाल्यांना ती बोलायला लागल्यापासून माहीत होतं. बायको काहीतरी बोलायला गेली, मुलीनं तिच्याकडे पाहिलं आणि दोघी गप्प झाल्या. अळीमिळी गुपचिळी. या दोघींचं आपसांत काहीतरी शिजतंय असं जोडेवाल्यांना वाटलं, पण रागावलेल्या माणसानं विचारायचं कसं?

तर असा हा दिवस. संध्याकाळी टाचणी कारखान्याला हो कळवणार, उद्या बॅग उचलणार, आणि ती छोटी बैठक सामान ठेवण्यासाठी मोकळी होणार. तिला थांब म्हणायचं तर अट मान्य करायची. अट मान्य करायची तर इतकी वर्षं गावभर वाजवलेल्या नगाऱ्याचं काय करायचं?

दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही भिंतींवर लाकडी कलबुतं टांगलेली; कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर जोडा चढवून शिवतात. प्रत्येकावर गिऱ्हाइकाची खूण. कातड्याचा, मेणदोऱ्याचा आणि खळीचा एकत्र वास. पुढं गिऱ्हाइकाची खुर्ची, हात असलेली, गादीची. जोडेवाले त्या खुर्चीसमोर आपल्या खालच्या बैठकीवर बसायचे.

सकाळी बँकेचे मॅनेजर आले. नवे बूट हवे होते. मॅनेजर खुर्चीत बसले, जोडेवाल्यांनी मांडीवर धुतलेलं फडकं टाकलं, त्यावर साहेबांचा पाय अलगद घेतला, आणि फीत चवड्याभोवती, टाचेवरून, घोट्यापाशी अशी फिरवली. बोटं आपोआप चालत होती. मन घरी होतं. माप झालं तशी त्यांनी नेहमीच्या रितीनं खुर्चीपुढं एक कोरा कागद अंथरला. साहेबांनी त्यावर पाय टेकले, उठून उभे राहिले, आपले बूट चढवले. जोडेवाल्यांनी कागद उचलून चुरगाळला आणि टोपलीत टाकला. वडिलांच्या वेळेपासूनची ही आणखी एक रीत. गिऱ्हाइकाच्या मोज्याला जमिनीची धूळ लागू नये.

"या वेळी जरा सैल ठेवा," मॅनेजर म्हणाले. "मागचा जोड बरेच दिवस चावला."

"माझा जोडा आधी चावतो, मग लळा लावतो," जोडेवाल्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. "कातडं आहे साहेब, ताणतं. सैल केला तर वर्षात पिशवी होईल."

मॅनेजर हसले. या वाक्याला सगळे हसतात. त्या दिवशी पहिल्यांदा जोडेवाल्यांना स्वतःला हसू आलं नाही.

साहेब गेले आणि शेजारचा औषधवाला दारात आला. हा जोडेवाल्यांचा जुना दोस्त, दिवसभर काउंटरमागं उभा राहायचा आणि गिऱ्हाईक नसलं की इकडं येऊन दाराच्या चौकटीला टेकायचा. "काय, नवा जोड का साहेबांचा?" त्यानं विचारलं. "चला, माझ्या पट्ट्या खपल्या. तुमच्या शेजारी दुकान घातलं तेव्हा लोक म्हणाले, जागा चुकली. म्हटलं, चुकली कशी? इकडून फोड घेऊन बाहेर पडायचं, तिकडून पट्टी घेऊन घरी जायचं."

हा विनोदही जुनाच. एरवी जोडेवाले त्यावर उलटा टोला द्यायचे. आज म्हणाले, "तुला काही काम नाही का?"

औषधवाल्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "टाचणी निघाली वाटतं," तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता आपल्या दुकानात गेला.

दुपारपर्यंत जोडेवाल्यांनी एका तळाला उलट्या बाजूनं खळ लावली, दाभणानं स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं आणि तेच कलबूत दोनदा खाली काढून दोनदा वर टांगलं. शेवटी त्यांनी दुकान ओढून घेतलं आणि घराकडे निघाले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. अट काढून टाक म्हणायचं, की अट राहू दे पण थांब म्हणायचं, की नुसतंच विचारायचं, बॅग भरलीस का? प्रत्येक चौकात मत बदलत होतं.

घराच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे आणि थांब्यावर एक लोखंडी बाक. जोडेवाले रस्त्याच्या पलीकडे होते तेव्हा त्यांना गल्लीतून बायको येताना दिसली. हातात पिशवी, पायात त्यांनीच शिवलेले तपकिरी जोडे. ती येत होती आपल्या नेहमीच्या चालीनं, जपून, एकेक पाऊल तोलून. या चालीवरून त्यांनी तिला आयुष्यभर चिडवलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून गोगलगाय म्हणायचे. कुठं जायचं तर स्वतः दहा पावलं पुढं आणि मागं वळून, "अगं, आज पोचायचंय." ती हसायची. मग हसेनाशी झाली, पण चिडवणं चालूच राहिलं, कारण सवयीला ब्रेक नसतो.

हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात ती बाकावर बसली. इकडं तिकडं पाहिलं. जोडे काढले. आधी उजवा, मग डावा, आणि थोडा वेळ दोन्ही पाय नुसतेच मोकळे धरून बोटं हलवली. मग पिशवीतून कापडी बूट काढले. कारखान्यात बनलेले, कुठल्याही दुकानात टांगलेले असतात तसले, पांढरे. ते पायात चढवले. तपकिरी जोडे पिशवीत टाकले, त्यावर पिशवीतलंच एक फडकं नीट पसरलं, आणि उठली.

आणि चालायला लागली. अशी, की जोडेवाले बघतच राहिले. सरळ, लांब टांगा टाकत, पुढं चाललेल्या दोन तरण्या मुलींना मागं टाकून ती कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. जोडेवाल्यांच्या डोळ्यांसमोरून त्यांची बायको चालत गेली आणि ती बाई त्यांच्या ओळखीची नव्हती.

जोडेवाल्याच्या घरात कारखान्याचे बूट! पहिल्यांदा राग आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हे कुणी पाहिलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण राग फार वेळ टिकला नाही, कारण ते पाय डोळ्यांपुढून हलेनात. बाकावर मोकळे धरलेले, बोटं हलवणारे. त्या पायांवर करंगळीपाशी आणि टाचेवर घट्टे होते. घट्टे त्यांना रस्त्यापलीकडून दिसले नव्हते. ते घरी रोज दिसायचे. त्यांना वाटायचं, हिचे पायच तसे.

ते घरी गेले नाहीत. परत दुकानात आले आणि दार आतून ओढून घेतलं. मग या माणसानं असं एक काम केलं जे उभ्या जन्मात केलं नव्हतं. एक कोरा कागद जमिनीवर टाकला, आपल्या बैठकीवर बसूनच त्यावर उजवा पाय ठेवला, आणि पेन्सिल पायाच्या कडेनं फिरवली. मग पाय तिथून न हलवता, बैठकीला हात देऊन उठले. सगळं वजन त्या एका पायावर दिलं आणि खाली पाहिलं.

रेघ पायाखाली गेली होती. पुढं अंगठ्याखाली, बाहेरून करंगळीखाली. पाय रेघेबाहेर आला होता, फार नाही, पण तेवढ्याचा अर्थ जोडेवाल्याला सांगायला लागत नाही. एवढ्या फरकात माणूस रडकुंडीला येतो.

मग त्यांचा स्वतःचा जोडा त्यांना कधी का चावला नाही? ते खाली पाहत राहिले आणि उत्तर आलं. चावेल कधी? दिवसभर ते बसलेले, आणि तेही अनवाणी.

आणि गिऱ्हाइकं? त्यांनी भिंतीवर नजर फिरवली. वर्षानुवर्षं टिकलेली कलबुतं: बँकेचे मॅनेजर. वकील. दातांचे डॉक्टर, तेही स्टुलावर बसूनच काम करणारे. तिकीटखिडकीतला कारकून. सगळे बसणारे. शाळेतल्या बाई एकदा आल्या, परत आल्या नाहीत. नर्स आली, परत आली नाही. हॉटेलातला वाढपी एकच जोड घेऊन गेला आणि रस्त्यात भेटला की दुसरीकडे बघायचा. नाजूक पायांचे लोक, असं जोडेवाले म्हणायचे. गिऱ्हाईक ओसरलं ते मॉलमुळे, असंही म्हणायचे.

मग वडिलांचं काय? वडिलांचे जोडे कुणाला चावत नव्हते. माणसं लांबून यायची, चालून यायची. हात तोच, मांडी तीच, फीत तर अजून तीच होती. ते दुकानात येरझाऱ्या घालायला लागले. वडील कसं करायचे? खुर्ची. फडकं. पाय मांडीवर. फीत. मग कागद अंथरायचे. मग गिऱ्हाईक कागदावर उभं राहायचं. मग?

मग वडील म्हणायचे, "जा रे, साहेबांना चहा सांगून ये."

जोडेवाले थांबले. वडिलांच्या कानावर पेन्सिल असायची. सुतारासारखी पेन्सिल, जोडे शिवणाऱ्याच्या कानावर. लहानपणी त्यांना ती वडिलांची ऐट वाटायची. ते चहा सांगून परत यायचे तेव्हा गिऱ्हाईक बूट घालत असायचं आणि कागद घडी होऊन वडिलांच्या खिशात गेलेला असायचा. ते मोठे झाले, माप घ्यायला लागले, वडील मागून नुसतं बघायचे आणि म्हणायचे, चांगलं घेतोस, जा आता, चहा सांगून ये. पुढचं सांगण्याच्या आधीच एका हिवाळ्यात ते गेले. मुलाला वाटलं आपण सगळं शिकलो. खुर्ची ठेवली, फडकं ठेवलं, कागदसुद्धा ठेवला. धुळीसाठी.

त्यांना हसू आलं. कॉलेजातली पोरं तास बुडवतात म्हणून ते किती हसले होते. त्यांचा स्वतःचा एकच तास बुडला होता, चहाला गेल्यामुळं, आणि तोच नेमका सगळ्या विद्येचा पाया होता. कॉलेजात निदान कुणीतरी हजेरी घेतं. बापाच्या दुकानात कोण घेणार?

दार उघडून ते औषधवाल्याकडे गेले. तो काउंटरमागं उभा होता, पायात रबरी चपला. "तुला मी एक जोड शिवून दिला होता," जोडेवाले म्हणाले. "घालत का नाहीस?"

"ठेवलाय की जपून."

"खरं सांग."

औषधवाल्यानं चपलांकडे पाहिलं. "माझं उभ्याचं काम आहे, राव," तो म्हणाला. "दोन दिवस घातला. मग माझ्याच पट्ट्या मलाच लागायला लागल्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोलत तर होतो. रोज बोलत होतो. तुम्ही हसत होता." जोडेवाले आपल्या दुकानाकडे वळले, आणि औषधवाल्यानं मागून पहिल्यांदाच विनोद केला नाही.

उन्हं कलली तशी टाचणी आणि तिची आई दुकानात आल्या. आईच्या पायात तपकिरी जोडे होते आणि चाल गोगलगाईची. टाचणीच्या हातात फोन होता. "बाबा, कंपनीला आता फोन करायचाय," ती म्हणाली. "आई म्हणाली, तुम्हाला सांगून कर. म्हणून आले."

जोडेवाल्यांनी बायकोला म्हटलं, "खुर्चीत बस."

"मी? कशाला?"

"बस गं."

ती बसली. त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. तिची मापं घरीच, कॉटच्या कडेवर बसवून घेतलेली. जोडेवाल्यांनी मांडीवर फडकं टाकलं नाही. ते गुडघ्यावर बसले, तिचे जोडे स्वतः काढले आणि बाजूला ठेवले. एक उलटा करून तळ पाहिला. वर्षभरापूर्वीचा जोड, तळ जवळजवळ कोराच. हे ते रोज दारात पाहू शकले असते. जोडेवाला दुसऱ्याच्या घरी गेला तर आधी तळ पाहतो, आणि आपल्या दारातला पाहिला नाही.

मग त्यांनी कागद अंथरला. "आता उठून यावर उभी राहा."

बायको उठली नाही. तिनं मुलीकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"मी कुणालाच काही सांगितलं नाही," टाचणी म्हणाली. "तू शपथ घातली होतीस."

"मी बसथांब्यावर होतो," जोडेवाले म्हणाले. "दुपारी. पलीकडच्या बाजूला."

बायकोचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखा तिनं पिशवीवर हात ठेवला. ते जोडेवाल्यांना सहन झालं नाही. चोर कोण होता?

"ते बूट हिनं आणले," बायको हळू म्हणाली. "गेल्या सुट्टीत कॉलेजच्या कामासाठी माझे पाय मोजले होते. उभे. म्हणाली, आई, तू लहान जोड्यात चालतेस इतकी वर्षं. मी म्हटलं, बाबांना कळता कामा नये. त्यांचा हात दुखावेल." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हटलं, माझं आता किती चालणं राहिलंय."

जोडेवाल्यांनी टाचणीकडे पाहिलं. "म्हणजे ती अट हिच्यासाठी होती?"

"दुसऱ्या कुणासाठी असणार?" ती म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा टोचरा नव्हता. "कॉलेजात शिकले म्हणून मिरवायला नव्हती, बाबा. तुमच्यासारखा जोडा तिथं कुणालाच शिवता येत नाही. शिवण बघून सर म्हणाले होते, हे कुणी केलं? फक्त तो जोडा माझ्या आईला होत नाही."

बायको कागदावर उभी राहिली. जोडेवाल्यांनी कानावर पेन्सिल ठेवली होती. ती काढून त्यांनी मुलीपुढं धरली. टाचणी खाली बसली. पेन्सिल कशी धरायची हेही शिकण्यासारखं होतं: अगदी उभी, पायाखाली आत न जाता, बाहेर न कलता. रेघ टाचेपासून निघून करंगळीला वळसा घालून अंगठ्यापाशी आली. मग तिनं चवड्याभोवती फीत गुंडाळली, उभ्या पायावर, आणि आकडा सांगितला. जोडेवाल्यांनी भिंतीवरून बायकोचं कलबूत काढलं, त्यावर फीत धरली आणि ते कलबूत कोपऱ्यातल्या जळणाच्या लाकडांत टाकलं.

"डावा पण घ्यायचा," टाचणी म्हणाली. "दोन पाय कधीच सारखे नसतात. आई, तू दमलीस का? थांब, मी चहा सांगून येते." ती उठली आणि दाराकडे वळली.

"तू जायचं नाहीस," जोडेवाले म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की दोघी दचकल्या. मग त्यांनी तो खाली आणला. "माप संपेपर्यंत या दुकानातनं चहाला कुणी जायचं नाही. आणि कारखान्यात पण जाऊ नकोस. राहा इथं. मला सोडून जाऊ नकोस, पोरी. तू उभं कर, बसव, झोपवून माप घे, तुझं दुकान आहे."

टाचणीनं फोन उघडला, काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि फोन खिशात टाकला. मग सामान ठेवण्यासाठी केलेल्या त्या छोट्या बैठकीवर बसली, जरा इकडं तिकडं हलून पाहिलं, आणि म्हणाली, "ही जरा उंच झालीय. डावा पाय, आई."

माप संपलं. दुकान बंद करून तिघं घराकडे निघाली. बायकोनं तपकिरी जोडे दुकानातच ठेवले आणि सगळ्यांच्या देखत, औषधवाल्याच्याही देखत, पिशवीतून पांढरे कापडी बूट काढून पायात घातले. औषधवाल्यानं तोंड उघडलं आणि जोडेवाल्यांकडे पाहून मिटलं.

पहिल्या चौकापर्यंत तिघं बरोबर होती. दुसऱ्या चौकात बायको पुढं निघाली. टाचणी तिच्याबरोबर. जोडेवाल्यांनी पावलं उचलली, मग आणखी उचलली, पण जन्मभराच्या बैठकीचे गुडघे साथ देईनात. त्यांच्याच जोड्यात त्यांची बोटं दाबली जात होती, इतकं भरभर चालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दिव्याच्या खांबाखाली ते थांबले आणि त्यांनी हाक मारली.

"अगं, जरा हळू चाल की."

बायकोनं वळूनही पाहिलं नाही. "इतकी वर्षं हळूच चालले," ती म्हणाली आणि कोपऱ्यावरून वळली.